आधी आठवडे मोजा, मग तिकीट काढा

विवाहाच्या नोंदीचा दाखला मागावयास धर्मग्रामाच्या कचेरीत येणारी तरुण जोडपी हल्ली दाखल्याबरोबर एक प्रश्नही घेऊन येतात. मुलगा मस्कतला, दुबईला किंवा कुवेतला कामाला असतो. लग्नासाठी महिना-दीड महिन्याची रजा काढून आलेला असतो. परत गेल्यावर चार-सहा महिन्यांसाठी तरी बायकोला तिकडे न्यावे, संसार काय असतो ते दोघांनी मिळून पाहावे, अशी त्याची इच्छा असते. ती अगदी रास्त आहे. व्हिसाचे कागद होईपर्यंत इकडे सुनेला दिवस जातात, आणि घरात दोन पक्ष पडतात. तरुण म्हणतात, जायचेच. म्हातारी माणसे म्हणतात, पहिलटकरणीने समुद्र ओलांडायचा नाही. मग निवाड्यासाठी फादरकडे यायचे.

समुद्र ओलांडल्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही, हे आधी सांगून टाकतो. ग्रहणाने होत नाही, तिठ्यावरून गेल्याने होत नाही आणि दृष्ट लागल्यानेही होत नाही. ख्रिस्ती घरांतूनही या समजुती अजून घट्ट बसलेल्या आहेत, म्हणून लिहावे लागते. पवित्र मरिया तर दिवस गेल्यावर लगेच डोंगराळ प्रदेशात एलिझाबेथच्या घरी गेली, तीन महिने राहिली, आणि पुढे बाळंतपण अगदी जवळ आले असता नाझरेथहून बेथलेहेमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरची वाट तिने केली. मात्र मरिया गेली म्हणून आपणही कधीही निघावे, असा अर्थ कोणी काढू नये. बेथलेहेमला पोहोचल्यावर उतरायला जागा मिळाली नाही, हाही त्याच हकिगतीचा भाग आहे.

जावे की जाऊ नये, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. कितव्या आठवड्यात जाणार, कितव्या आठवड्यात परतणार, आणि मध्ये काही झाले तर कोणत्या दवाखान्यात कोणाच्या खर्चाने जाणार, हे तीन प्रश्न विचारले म्हणजे पहिल्याचे उत्तर आपोआप मिळते.

आपल्या आज्या ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणत. तीस दिवसांचा महिना धरला तर ते २७९ दिवस होतात. डॉक्टर ४० आठवडे म्हणतात, म्हणजे २८० दिवस. दोहोंत एका दिवसाचा फरक! फक्त डॉक्टरांची मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. त्या तारखेत नऊ महिने आणि सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अंदाजे तारीख येते. सुरुवातीच्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीने ती तारीख आणखी पक्की होते. शेतकऱ्याला पेरणीची तारीख ठाऊक नसेल तर कापणीचा मजूर कोणत्या दिवशी सांगायचा ते कळत नाही. येथेही तसेच आहे.

पहिल्या बारा-तेरा आठवड्यांत मळमळ, उलट्या, थकवा फार असतो. गर्भ पडण्याची भीतीही याच काळात सर्वांत जास्त. असे गर्भ बहुतेक वेळा मुळातच नीट रुजलेले नसतात; प्रवासामुळे ते पडतात असे नाही. पण परक्या गावी, भाषा येत नसता, रक्तस्राव सुरू झाला तर त्या मुलीने कोणाचे दार ठोठवावे? तरव्यातले रोप मूळ धरण्याआधी कोणी उपटत नाही. चौदाव्या आठवड्यापासून अठ्ठाविसाव्यापर्यंतचा काळ प्रवासाला सर्वांत चांगला. उलट्या थांबलेल्या असतात, अंगात उभारी असते, पोट अजून अवघड झालेले नसते. अठ्ठावीस आठवडे झाले की बहुतेक विमान कंपन्या प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र मागतात, आणि छत्तीस आठवड्यांच्या पुढे सहसा विमानात घेत नाहीत. जुळे असेल तर ही मर्यादा बत्तिसावर येते. प्रत्येक कंपनीचा नियम थोडा वेगळा असतो, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी तो विचारून घ्यावा.

येथेच लोक फसतात. जाताना कितवा आठवडा आहे तो सगळे मोजतात, परतीचा कोणी मोजत नाही. आपल्या भागातील एका जोडप्याचे सांगतो. मुलगा मस्कतला. मुलीच्या शेवटच्या पाळीची तारीख १० जून, म्हणजे बाळंतपण १७ मार्चच्या सुमारास. मरियामातेचा जन्मोत्सव घरी करून ऑक्टोबरच्या आरंभी तिने जायचे आणि २० फेब्रुवारीला दोघांनी बरोबर परतायचे, कारण मुलाला रजा तेव्हा मिळणार होती. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे ठरलेलेच होते. सगळे छान वाटत होते. तिकिटाचे पैसे उसाच्या बिलातून बाजूला काढलेले. पण कॅलेंडर घेऊन आठवडे मोजले तेव्हा जातानाचा सोळावा आठवडा पुरा होत होता, तो उत्तम. आणि परतीच्या दिवशी छत्तीस आठवड्यांवर तीन दिवस! विमानतळावरूनच माघारी फिरवले असते. मग बाळंतपण मस्कतला, ते देखील काही ठरवलेले नसताना.

बराच खल झाला. तिने जाऊच नये, असे सासूचे म्हणणे पडले. सासू मला म्हणाली, “फादर, दोन जिवांची सून, तिला इतक्या लांब कशी पाठवू? काही झालं तर तिच्या आईला काय तोंड दाखवू?” मी म्हटले, “मावशी, तिला लांब पाठवू नका म्हणता ते बरोबर. पण नवऱ्याजवळ पाठवणं म्हणजे लांब पाठवणं नव्हे.” शेवटी असे ठरले की ऑक्टोबरमध्ये जावे, नाताळ तिकडे करावा आणि तीन राजांच्या सणाला, ६ जानेवारीस, तीस आठवडे पूर्ण होत असताना तिने परतावे. मुलाला जानेवारीत रजा नव्हती. म्हणजे तिने एकटीने यायचे, आणि बाळंतपणाच्या वेळी तो जवळ असेल की नाही याची खात्री नाही. ही किंमत थोडी नव्हती. मुलीने ती स्वतः पत्करली. मला हे महत्त्वाचे वाटले, कारण अशा बैठकीत जिच्या पोटात बाळ असते तिलाच सर्वांत शेवटी विचारतात.

तिकडेच बाळंतपण का करू नये, असे कोणी विचारील. करता येते, पुष्कळ जणी करतात, आणि आखातातील इस्पितळे चांगली आहेत. पण नवऱ्याच्या पगारावर आणि व्हिसाच्या प्रकारावर सारे अवलंबून असते. कुटुंब कायमचे जवळ ठेवण्यास बहुतेक आखाती देशांत पगाराची किमान मर्यादा असते. भेटीच्या व्हिसावर गेलेल्या स्त्रीला इस्पितळाचा खर्च सहसा स्वतःच करावा लागतो. प्रवासाचा विमा काढला आहे म्हणून निश्चिंत राहू नये. पुष्कळ विम्यांत बाळंतपण आणि वेळेआधी जन्मलेल्या बाळाचा खर्च वगळलेला असतो. असे बाळ दोन-तीन आठवडे काचेच्या पेटीत ठेवावे लागले तर जे बिल होते, ते फेडावयास एकरभर जमीनही पुरायची नाही. विम्याचा कागद बारीक अक्षरांसकट वाचावा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यावा.

कागदांचे आणखी थोडे. आखातात बाळंतपणाच्या नोंदीसाठी लग्नाचा दाखला लागतो, आणि चर्चचा दाखला त्यासाठी पुरत नाही. सरकारी विवाह नोंदणीचा दाखला, त्यावर आपल्या सरकारचे शिक्के, आणि देशानुसार त्या देशाच्या वकिलातीचाही शिक्का, असे करून घ्यावे लागते. त्यास आठवडे लागतात. लग्नानंतर लगेच, पाहुणे घरी असतानाच, हे काम सुरू करावे. बाळ तिकडे जन्मले तर ते आपोआप त्या देशाचे नागरिक होत नाही. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे बाळाच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत करावी लागते, आणि बाळाला स्वतःचे पारपत्र काढल्याखेरीज घरी आणता येत नाही. बाप्तिस्म्याची चिंता मात्र करू नये. मस्कतमध्ये रुवीला संत पीटर आणि संत पॉल यांचे देऊळ आहे, दुबईत संत मरियेचे, कुवेतमध्ये पवित्र कुटुंबाचे. दोहाचे देऊळ २००८ मध्ये उघडले, आणि बहारिनमध्ये अरेबियाच्या मातेचे मोठे कॅथिड्रल २०२१ मध्ये झाले. तेथील फादरांना द्यावयास आपल्या धर्मग्रामाचे पत्र आधी घेऊन जावे. सौदी अरेबियात मात्र चर्च नाही, हे जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

आता तब्येतीकडे वळू. विमानातील हवा सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असते तशी विरळ असते. निरोगी आईला व बाळाला त्याचा त्रास होत नाही. पोटातल्या बाळाचे रक्त प्राणवायू आपल्यापेक्षा घट्ट धरून ठेवते, अशी परमेश्वराने योजनाच केली आहे. पण आईच्या अंगात रक्तच कमी असेल तर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ या काळात, देशातील गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे आपल्या मिस्सेला बसलेल्या गरोदर भगिनींपैकी निम्म्या, असे समजायला हरकत नाही. गरोदरपणी हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले की तो रक्तक्षय. सात-आठाच्या आसपास असेल तर विमानप्रवासच काय, बाळंतपणही धोक्याचे. वर सांगितलेल्या मुलीचे पहिल्या तपासणीत साडेआठ निघाले. दिसायला धडधाकट, डोक्यावरून गवताचा भारा आणणारी मुलगी! डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि निघण्यापूर्वी पुन्हा तपासून मगच परवानगी दिली.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात व आशाताईंकडे फुकट मिळतात. चौथ्या महिन्यापासून रोज एक, निदान १८० दिवस घ्यावयाची असते. पण पुष्कळ घरांत त्या फडताळात पडून असतात, कारण शौचास काळे होते आणि पोट जड वाटते. काळे होणे हा गोळीतील अंगी न लागलेल्या लोहाचा साधा परिणाम आहे, त्यास घाबरू नये. गोळी जेवणानंतर घ्यावी, लिंबाच्या किंवा आवळ्याच्या सरबताबरोबर घेतली तर अधिक चांगले. चहाबरोबर कधीही घेऊ नये. चहा लोह अंगी लागू देत नाही. चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची, गोळी वेगळ्या वेळी घ्यावी. घरची नाचणी, शेवग्याचा पाला, तीळ, उसळी, आणि परवडेल तेव्हा अंडी व मांस यांना पर्याय नाही. बाहेरगावी जाताना गोळ्या पुरतील इतक्या न्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवावी, कारण आपल्याकडे सर्रास मिळणारी काही वेदनाशामके आखातात बंदीची आहेत.

दुसरा धोका पायांतील रक्ताच्या गुठळीचा. गरोदरपणी रक्त गोठण्याकडे झुकते, आणि चार तासांहून जास्त वेळ पाय लोंबकळत बसल्यास गुठळी धरण्याची शक्यता वाढते. गोव्याहून मस्कत-दुबई तीन-साडेतीन तासांच्या आतबाहेर; लंडनला जाणाऱ्यांनी अधिक जपावे. तासाभराने उठून दोन फेऱ्या माराव्यात, बसल्या जागी पावले वरखाली करावीत, भरपूर पाणी प्यावे. मधल्या वाटेलगतची जागा मागून घ्यावी. पट्टा पोटावरून नव्हे, पोटाखालून मांड्यांच्या वरच्या भागावर आवळावा. मोटारीतही असाच. एकाच पायाला सूज आली, पोटरी दुखू लागली, दम लागू लागला तर थांबू नये. विमानतळावर ज्या चौकटीतून जावे लागते, तिच्याने बाळाला काही होत नाही.

आणि खरे सांगायचे तर, आपल्या भागातील स्त्रीला विमानापेक्षा विमानतळापर्यंतचा रस्ताच भारी पडतो. चोर्ला घाट काय किंवा अनमोड घाट काय, पावसाळ्यानंतर त्याची जी अवस्था असते ती सर्वांना ठाऊक आहे. पहाटे तीनला उठून, उपाशीपोटी, भाड्याच्या जीपमध्ये आठ माणसांत दाटीने बसून तीन-चार तास घाट उतरायचा आणि मग विमान चांगले लागले नाही म्हणायचे! आदल्या दिवशी उजेडी निघावे, गोव्यात नातलगांकडे मुक्काम करावा. पोचवायला सारा गाव न्यायची गरज नाही.

तिकडे गेल्यावर उन्हाळ्यात, जून ते ऑगस्ट, पारा पंचेचाळिसावर जातो. तो काळ टाळता आला तर टाळावा. कच्चे दूध, मग ते उंटिणीचे असो की आपल्या म्हशीचे, गरोदर स्त्रीने पिऊ नये. आफ्रिकेकडे जाणाऱ्यांनी हिवतापाचे व पीतज्वराच्या लशीचे डॉक्टरांशी आधी बोलावे. ती लस गरोदरपणी सहसा देत नाहीत, तेव्हा तिकडचा प्रवास पुढे ढकलणेच बरे. डासांपासून होणारा झिका हा आजार पोटातील बाळाच्या मेंदूला इजा करतो. त्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही. २०२१ मध्ये केरळात आणि २०२४ मध्ये पुण्यात त्याचे रुग्ण सापडले होते.

एक गोष्ट कडवटपणे लिहितो. परदेशी सोनोग्राफीत मुलगा की मुलगी ते काही ठिकाणी विचारल्यावर सांगतात. आपल्या देशात १९९४ च्या कायद्याने ते सांगणे गुन्हा आहे, आणि का आहे हे सर्वांना ठाऊक आहे. जे जोडपे परदेशी जाऊन ते विचारून येईल, त्याने प्रवासाच्या निमित्ताने दुसरेच काही साधले, असे मी समजतो.

प्रवासाच्या भीतीबद्दल इतके बोललो, पण घरी राहिलेल्या गरोदर सुना सुरक्षित असतात असे कोणी मानू नये. विमानाला भिणारे आमचे घर फवारणीच्या पंपाला भीत नाही. औषध कालवणे, फवारलेल्या रानात त्याच दिवशी भांगलणे, नवऱ्याचे फवारणीचे कपडे हाताने धुणे, ही कामे गरोदर स्त्रीने करू नयेत. गाय गाभडली तर पडलेले वासरू आणि वार उचलायला तिला मुळीच पाठवू नये. त्यातून होणारा ताप माणसाला महिनोन्‌महिने सोडत नाही, आणि पोटातल्या बाळालाही घात करू शकतो. कोणाकडूनही उचलायचे झाले तर हातमोजे घालून, खोल पुरावे, वर चुना टाकावा.

घरी असो वा परदेशी, ही लक्षणे दिसली की त्याच घटकेला डॉक्टर गाठावा : रक्तस्राव, पाणी जाणे, डोके ठणकून डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, ताप, आणि बाळाची हालचाल कमी होणे. रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून वर असेल तर प्रवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

त्या जोडप्याचे काय झाले, असे पुष्कळजण विचारतील. ती ६ जानेवारीला एकटी परतली. विमानतळावर तिच्यासाठी चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती, तिची मात्र तिला लाज वाटली, असे ती म्हणाली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात माहेरच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. बापाने तिला पहिल्यांदा फोनवर पाहिले आणि हातात घेतले ती सव्वा महिन्याची झाल्यावर. बाप्तिस्मा त्याच्या रजेसाठी आम्ही थांबवून ठेवला होता.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. २०१६ पासून देशभर ही व्यवस्था आहे. ज्यांना परदेशी जावयाचे आहे त्यांनी तायी कार्ड, जुन्या चाचण्यांचे कागद आणि तिकीट काढण्यापूर्वीच्या दोन्ही तारखा, जाण्याची आणि येण्याची, घेऊन त्या दिवशी डॉक्टरांना भेटावे. धर्मग्रामाचे पत्र हवे असल्यास रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर कचेरीत यावे. येताना दोघांनी यावे आणि कॅलेंडर आणावे.